पौर्णिमेची सुट्टी

केतकी नाईक संशोधन केंद्रातून ते यंत्र घेऊन वेळण्याला आली, तेव्हा त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव होतं. वेळण्याच्या बायकांच्या हाती ते एक दुपारसुद्धा टिकलं नाही. यंत्र बाटलीभर पाणी पोटात घ्यायचं, बराच वेळ गुरगुरायचं आणि मग त्या पाण्यात कोण कोण येऊन गेलं ते सांगायचं.

"म्हणजे ह्या कुत्र्यासारख्या हुंगता," अस्मिता गिरकर म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती हुंगणी झाली. केतकीनेही मग लांबलचक नावाचा नाद सोडला.

खाडीच्या काठावर कालवं फोडून पोट भरणाऱ्या या बायका. कोळंबीचे प्रकल्प आणि नवी हॉटेलं खाडीच्या वरच्या अंगाला उभी राहिली, पाणी बिघडायला लागलं, तेव्हा त्यांनी आपणहून मंडळ काढलं. वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा देऊन गावाची राखण मागायची वेळण्याची रीत, म्हणून मंडळाचं नावही राखण मंडळ. कोंबडा कोण देणार, असं पुरुषांनी चेष्टेने विचारलं. "तुमी आसास मां!" अस्मिता म्हणाली.

आठवड्यातून एकदा किनारा झाडायचा, तिवरांतलं प्लास्टिक काढायचं, ओहोटीला पाणी तपासायचं. पाणी चांगलं असेल तर बांधावर हिरवा बावटा आणि खराब असेल तर लाल. लाल बावटा लागला की कुणी कालवांना हात लावायचा नाही आणि हुंगणीचा अहवाल थेट अधिकाऱ्यांकडे जायचा. एवढं साधं होतं ते. पाणी तपासायचं काम दर्शना मेतरकडे आलं, कारण तिचं घर बांधाला लागून होतं आणि तिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं.

शाळेच्या पडवीत बायकांना बसवून केतकीने सगळं समजावलं. प्रत्येक जीव आपल्या अंगाचं काहीबाही सतत सांडत असतो. माशाची बुळबुळ, माणसाची कातडी, थुंकी, मैला. त्या कणाकणात त्या जिवाचा डीएनए असतो, म्हणजे त्याच्या शरीराचा लिहून ठेवलेला नकाशा. हुंगणी पाण्यातले हे नकाशे वाचते. कुठले मासे वर चढले, कुठले जंतू उतरले, माणसाचा मैला किती आला, सगळं तिला कळतं. माणूस कोण, हे मात्र ती सांगत नाही. कायद्याने तिला तशी मनाई आहे.

"पण पाणी भरणाऱ्या बाईचं स्वतःचं काहीतरी बाटलीत पडतंच," केतकी म्हणाली. "म्हणून तुमची थुंकी आधीच घेऊन ठेवायची आणि हुंगणी ती वजा करेल. तुमच्या मुलाबाळांचं, भावंडांचं काही सापडलं तर ती तुम्हाला विचारेल, बाटली घरच्या कुणी हाताळली का? तुम्ही 'होय' म्हणालात तर तो नमुना बाद. आणि बाटली घरच्या फडक्याने पुसू नका बरं का. खाऱ्या पाण्यात डीएनए चार-दोन दिवसांत विरून जातो, पण सुक्या कपड्यात वर्षानुवर्षं राहतो."

चार-दोन दिवसांत विरून जातो, हे दर्शनाने पक्कं धरलं. पुढचं ती विसरून गेली. बाटली पुसायला ती घरचं फडकं वापरणारच नव्हती.

दर्शनाला एकच मुलगा होता, सर्वेश. मंडळ निघायच्या आधी, वाऱ्याच्या दिवसांत त्याची होडी उलटली. बरोबरचे दोघं दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले, एक जिवंत आणि एक मेलेला. सर्वेश मात्र लागलाच नाही. होडीवर जायच्या आदल्या संध्याकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पोराला वरच्या कोळंबी प्रकल्पावर पगाराची नोकरी करायची होती. "परक्याच्या तळ्यात कोळंब्ये राखतलंस?" म्हणून उल्हासने त्याला हिणवलं, आणि पहाटे पोरगा पाय आपटत होडीवर गेला. त्यानंतर उल्हास समुद्रावर गेला नाही. दुसऱ्यांची जाळी विणत ओट्यावर बसून राहायचा.

गेलेल्या माणसाचे कपडे खाडीच्या वरच्या वळणावर ओहोटीच्या पाण्यात सोडायचे, अशी वेळण्यात पूर्वापार पद्धत. सर्वेशचे कपडे सोडायला चार बाप्ये घरी आले तेव्हा दर्शना त्याच्या पेटीवर बसली आणि उठली नाही. पुढे मंडळाच्या पहिल्याच सभेत तिने नियम मांडला, कपडे खाडीत सोडायचे नाहीत, पाणी घाण होतं. ती हे कशासाठी म्हणते ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी हात वर केले. पेटीला कुलूप लागलं. आतला वास उडून जाईल म्हणून दर्शनाने ती पुन्हा कधी उघडली नाही, आणि किनारा झाडताना सापडलेली प्रत्येक चप्पल मात्र उलटसुलट करून पाहत राहिली.

हुंगणी येऊन थोडेच दिवस झाले होते. अमावास्येचा दुसरा दिवस होता, उतरत्या पाण्यात उभं राहून दर्शनाने बाटली भरली. बांधावर बसून यंत्राला पाणी पाजलं. नेहमीच्या गुरगुरीनंतर पडद्यावर अक्षरं उमटली: नमुन्यात आपला जवळचा नातलग. नाते: अपत्य. बाटली घरच्या कुणी हाताळली का?

दर्शनाने ते कितीतरी वेळा वाचलं. मग नवी, सीलबंद बाटली फोडून ती पुन्हा पाण्यात उतरली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, तोंडाला पदर बांधला. यंत्र तेच म्हणालं. अपत्य.

खाऱ्या पाण्यात चार-दोन दिवस. म्हणजे तीन-चार दिवसांत तिचं पोर या पाण्याजवळ कुठेतरी होतं. जिवंत होतं. तिथेच चिखलात बसून ती रडली, आणि सुखाने माणूस इतका रडू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

उतरतं पाणी वरून आलेलं; वर म्हणजे कुठे, हे तिला शोधावं लागलंच नाही. कोळंबी प्रकल्पाची तळी अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खाडीत रिकामी करतात. तळ्यांच्या कडेला कामगारांच्या खोल्या, त्यांचे संडास. भांडून गेलेलं पोर जिथे जायचं म्हणत होतं तिथेच गेलं होतं. बापाचं तोंड बघायचं नाही म्हणून मेल्याचं सोंग घेऊन बसलं होतं. तिला त्याचा राग आला, आणि तो राग करणंही तिला किती गोड वाटलं!

पण त्याच पडद्यावर खाली लाल पट्टी होती. माणसाचा मैला मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. अहवाल गेला तर अधिकारी येणार, प्रकल्पाला टाळं लागणार, कामगार रातोरात पांगणार. पोर पुन्हा कुठे जाईल कोण जाणे. घरच्या कुणी बाटली हाताळली का? दर्शनाने 'होय' दाबलं. नमुना बाद झाला. बांधावर तिने हिरवा बावटा चढवला.

एकदाच, असं ती स्वतःला म्हणाली. आधी पोर सापडू दे.

प्रकल्पाच्या फाटकावरचा रखवालदार तिला आत सोडेना. आतली माणसं बाहेरगावची, येतात-जातात, नावं कोण विचारतो? दर्शनाने सर्वेशचा फोटो दाखवला. त्याने मान हलवली, ती हो होती की नाही ते तिला कळलं नाही. मग ती डबा घेऊन जायला लागली. घावणे आणि रस, सर्वेशच्या आवडीचे. "ह्याच्यासारखो कोण दिसलो तर त्याका दी रे बाबा." पुढच्या खेपेला डबा रिकामा मिळायचा, स्वच्छ घासलेला. घरी येताना ती तो रिकामा डबा छातीशी धरून यायची.

उल्हासला ती काही बोलली नाही. बाप फाटकावर जाऊन उभा राहिला तर पोर आणखी लांब पळेल. शिवाय आत खोल कुठेतरी असंही होतं की त्याने हिणवलं म्हणून पोरगा गेला; हे सुख त्याच्याबरोबर वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती. उल्हास तरी कुठे बोलत होता? कधीमधी सकाळीच लहान होडी काढायचा.

"खय जातास?"

"वर. कुर्ले गावतत काय बघतंय."

कधी दोन-चार खेकडे आणायचा, कधी हात हलवत यायचा. जेवायचा आणि पुन्हा जाळ्यात तोंड घालून बसायचा.

असे महिने गेले. अमावास्या झाली की हुंगणी 'अपत्य' म्हणायची, मग दोन-तीन दिवसांत ती खूण पुसट होत जायची. पौर्णिमेला मैला तितकाच यायचा, लाल पट्टी तितकीच लांब, पण सर्वेश नसायचा. हे काही नीट जुळत नाही, असं दर्शनाच्या मनात एकदा येऊन गेलं. तळी तर दोन्ही वेळा रिकामी होतात. मग तिनेच उत्तर शोधलं. पौर्णिमेला त्याला सुट्टी असेल.

पौर्णिमेला नमुना बाद करायला निमित्त नव्हतं. म्हणून तेव्हा ती भरतीची वाट बघायची आणि समुद्राकडून आलेल्या स्वच्छ पाण्यात बाटली बुडवायची. यंत्र बिचारं जे पाजलं त्याचंच सांगायचं. बावटा हिरवाच राहायचा. बायका टोपल्या घेऊन उतरायच्या आणि दर्शनाला बांधावरून हात करायच्या.

अस्मिताची गार्गी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागलेला, आणि पोरीला डोहाळे कसले तर कालवांचे. "घोवाकडे भाजी खावन खावन वैतागली गो माझा चेडू," म्हणत अस्मिता कौतुकाने रोज कालवं फोडायची. एकदा दर्शना तिथे असतानाच गार्गी अर्धवट वाफवलेली कालवं शिंपल्यातून ओढून खात होती, बोटं चाटत. "काकी, घ्या ना," म्हणून तिने एक पुढे केलं.

खाव नको, एवढंच दर्शनाला म्हणायचं होतं. पण का, असं अस्मिताने विचारलं असतं. दर्शनाने ते कालव घेतलं आणि खाल्लं. तिला वाटलं, आपण खाल्लं म्हणजे निदान आपण वेगळे राहिलो नाही.

तिला काहीच झालं नाही. गार्गी पिवळी पडली.

मैल्याच्या पाण्यातून येणारी कावीळ साध्या माणसाला अंथरुणात पाडते आणि सोडून देते. पोटुशी बाईला ती सोडत नाही. कालवाचं काम पाणी गाळायचं. ते दिवसभर पाणी आत घेतं आणि बाहेर टाकतं, आणि पाण्यातली घाण पोटात साठवून ठेवतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात गार्गी शुद्ध हरपून पडली. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. त्यानंतर दोन दिवसांनी गार्गीने डोळे उघडले आणि पहिल्यांदा पोटावर हात नेला.

दर्शना व्हरांड्यात उभी होती. अस्मिता बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दर्शनाला वाटलं.

"पाणी बरा होता मां गो, दर्शना?" अस्मिताने विचारलं. "तूच हिरवो बावटो लावलंस. मग ह्या खयसून इला?"



केतकी आली. हिरवे अहवाल आणि आजारी बाई यांचा मेळ बसेना, म्हणून मंडळाच्या बायकांच्या थुंकीच्या नोंदी भरलेली दुसरी हुंगणी घेऊन ती स्वतःच खाडीत उतरली. अमावास्या कालच होऊन गेलेली. मंडळाच्या बायका दोन होड्यांतून तिच्याबरोबर वर निघाल्या. दर्शनालाही जावं लागलं. मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या: आता सगळं उघडं पडणार, आणि आता सर्वेश दिसणार.

प्रकल्पाचा पाइप तिवरांच्या आड सापडला. त्यातून येणारं पाणी बघायला यंत्राची गरज नव्हती. केतकीने फोटो काढले, बाटल्या भरल्या, फोन केले. संध्याकाळच्या आत प्रकल्पाला टाळं लागणार हे दर्शनाला कळलं. मग केतकीने पाइपाचं पाणी हुंगणीला पाजलं. पडद्यावर मैला होता, जंतू होते. दर्शनाने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अपत्य नव्हतं.

"आज त्याका सुट्टी असात," दर्शना पुटपुटली. केतकीने वळून तिच्याकडे पाहिलं, पण तिला काही उमगलं नाही.

परतताना खाडीच्या वरच्या वळणावर केतकीने उगीच एक बाटली भरली. पाइपापासून ही जागा चांगली लांब. हुंगणी गुरगुरली आणि केतकीच्या कपाळाला आठी पडली. "दर्शनाकाकी, हे तुमचं काहीतरी दाखवतंय. अपत्य म्हणतंय. आणि केवढं स्पष्ट! जसं काही इथेच..."

दर्शनाने पाण्यात उडी टाकली. कमरेएवढं पाणी, खाली चिखल. तिवरांच्या मुळांमध्ये हात घालत ती चाचपत सुटली. बायका ओरडत राहिल्या. तिच्या हाताला दगड लागला, दगडाला दोरी, दोरीला कापड. ते तिने ओढून वर काढलं.

निळा शर्ट होता. तिसरं बटण पांढरं, कारण निळं मिळालं नव्हतं आणि तिने घाईत दुसरं लावून दिलं होतं. अजून कापड कुजलं नव्हतं. पाण्यात पडून एखादाच दिवस झाला होता. दगडाला मारलेली गाठ जाळ्याची होती, दुहेरी, शेवटी मागे वळवलेली. ती तशी गाठ वेळण्यात एकच माणूस मारायचा, आणि रोज तिच्या ओट्यावर बसून मारायचा. बाजूला चिखलात आणखी दगड होते. आणखी चिंध्या होत्या.

सुक्या कपड्यात वर्षानुवर्षं राहतो, असं केतकी पडवीत म्हणाली होती. दर्शनाला ते आता लख्ख ऐकू आलं.

घरी आल्यावर ती सरळ पेटीकडे गेली. कुलूप तसंच होतं, मागच्या बिजागऱ्या तेवढ्या सैल होत्या. आत तळाला लाल जर्सी होती. बाकी पेटी रिकामी. वास कसलाच येत नव्हता.

ओला शर्ट तिने उल्हासच्या मांडीवर ठेवला. त्याने हातातली सुई खाली ठेवली.

"कित्या केल्यात ह्या?"

उल्हासने शर्टावरून हात फिरवला. "तो सपनात येयचो," तो म्हणाला. "ओलोचिंब. माझे कपडे खय आसत, म्हणान इचारायचो. मीच त्याका धाडलंय गो होडयेर. निदान कपडे तरी... एकदम सगळे देवक जीव होयना. म्हणान अमावास्येक एकेक. किनाऱ्यार लागलो तर तू उचलशीत, म्हणान दगड बांधलंय."

"माका सांगूचा नाय?"

"सांगलं असतंय तर देवक दिलं असतंस?"

मग जमिनीवर बसून तिने त्याला सगळं सांगितलं. पडद्यावरचं अपत्य, फाटकावरचा डबा, हिरवे बावटे, गार्गी. उल्हास ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुका वाटला, तो जिवंत आसा," तो म्हणाला. "इतके महिने. ह्याच घरात."

"होय."

"आणि माका एकदासुद्धा सांगलंस नाय."

त्या घरात सर्वेश त्या दिवशी गेला. त्याच्यासाठी पहिल्यांदा दोघं मिळून रडली.

दुसऱ्या सकाळी दर्शना अस्मिताच्या दारात उभी राहिली. काही न लपवता सांगितलं. अस्मिताने ओरडावं, केस ओढावेत, हाकलून द्यावं, या तयारीने ती आली होती. अस्मिता कालवं फोडायचा कोयता हातात घेऊन ऐकत होती. आत गार्गी निजलेली होती.

"तुझो झील गेलो तेव्हा मी तुझ्याकडे राहिलंय," अस्मिता म्हणाली. "तू जेवना नाय म्हणान मीपण जेवलंय नाय. आठवता?"

"आठवता."

"तुका माझ्या चेडवापेक्षा पाण्यातलो वास मोठो झालो."

दर्शनाने मंडळाचा बावटा आणि हुंगणीची पेटी पायरीवर ठेवली. "माझ्याच्यान आता होवचा नाय. दुसऱ्या कोणाक दी."

"सुटूक बघतंस?" अस्मिताचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "सुटूचा नाय. दर अमावास्येक, दर पुनवेक तूच पाणी बघूचा. आणि जा दिसात, ताच सांगूचा." तिने पेटी पायाने पुढे सरकवली आणि दार लावून घेतलं.

प्रकल्प बंद पडला. पाइप काढला गेला. रखवालदार जाताना दर्शनाला रस्त्यात भेटला. बाई, डबा मीच खायचो, असं मान खाली घालून म्हणाला. तुमच्या तोंडावर नाही म्हणायचं जमलं नाही. दर्शनाने त्याला माफ केलं. दुसऱ्या कुणाला माफ करण्यापेक्षा ते सोपं होतं. बायकांनी वळणावरचा चिखल उपसला, दगड काढले, चिंध्या काढल्या, आणि त्या दर्शनाच्या हातात दिल्या. कितीतरी महिने लाल बावटा फडफडत राहिला. कालवांना कुणी हात लावला नाही.

मग एक अमावास्या आली. दर्शना उतरत्या पाण्यात उभी होती. पिशवीत लाल जर्सी होती. ती तिने कशासाठी बरोबर घेतली हे तिला घरून निघताना कळलं नव्हतं, आता कळलं. जर्सीचा एक कोपरा बुडवला, नुसता बोटभर, तरी पडद्यावर 'अपत्य' उमटेल. कुणाचं काही बिघडणार नाही. पाणी स्वच्छच आहे. दर अमावास्येला थोडा थोडा पोरगा भेटत राहील, जर्सी आहे तोवर.

तिने जर्सी बाहेर काढली. कोपरा हातात धरला. खाली बाटलीत पाणी भरत होतं.

बांधावर बायका उभ्या होत्या. सगळ्यांत मागे अस्मिता होती, टोपली कमरेवर घेऊन, दुसरीकडे बघत. तिच्या शेजारी गार्गी होती, सुकलेली, अंगावर ओढणी लपेटून.

दर्शनाने जर्सीची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवली. बाटलीचं बूच लावलं. हुंगणीला पाणी पाजलं आणि ती वाट बघत बसली. गुरगुर थांबली. मैला नाही. जंतू मर्यादेत. जवळचा नातलग: नाही.

तिने ते एकदाच वाचलं. मग उठून हिरवा बावटा चढवला. बायकांच्या पलीकडे उभा असलेला उल्हास पुढे झाला आणि त्यानेही दोरीला हात लावला.

"पाणी निवळ आसा," ती बायकांना म्हणाली. "कायएक नाय त्याच्यात. उतरा."

अस्मिताने तिच्याकडे पाहिलं नाही. पण सगळ्यांच्या आधी तीच पाण्यात उतरली.